दुर्बीण मोठी की नेम मोठा?

पॅरिस ऑलिंपिकमधील नेमबाजीच्या स्पर्धा प्रत्यक्षात पॅरिसपासून बऱ्याच अंतरावरील शातोरू येथे झाल्या. तेथे १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत मिळवलेल्या कांस्यपदकानंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूने जिंकलेले हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. साहजिकच नेमबाजी या खेळाविषयीचे कुतूहल शहरांपुरते उरले नाही. पुण्यातील सोसायटीत राहणारा शाळकरी मुलगा असो की नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरीचा महाविद्यालयीन तरुण, रायफलविषयी माहिती शोधू लागला की त्याच्यासमोर सर्वप्रथम येते ती दुर्बीण. ‘६-२४×५०’, ‘३० मिलिमीटर नळी’, ‘हजार यार्डांपर्यंत अचूक’ अशा आकड्यांची आणि दाव्यांची जाहिरात त्याच्या नजरेत भरते आणि चांगला नेम म्हणजे मोठी दुर्बीण, असे समीकरण मनात पक्के होते.

गंमत अशी, की कुसाळेने ज्या रायफलने पदक जिंकले तिच्यावर दुर्बीण नव्हतीच. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार ऑलिंपिकमधील रायफलवर दुर्बीण बसवता येत नाही. मग ही दुर्बीण नेमकी कोणासाठी असते, ती काय करते, काय करत नाही आणि घ्यायचीच झाली तर कशी निवडावी, हे समजून घेणे आवश्यक ठरते. कारण चुकीच्या दुर्बिणीवर केवळ पैसा वाया जात नाही. कधी शिकण्याची उमेदीची वर्षे वाया जातात, तर कधी थेट कायद्याशी गाठ पडते.

आधी काम, मग दुर्बीण

रायफलच्या दुर्बिणींची जी माहिती इंटरनेटवर विपुल सापडते, ती बहुतांशी दोन प्रकारच्या ग्राहकांसाठी लिहिलेली असते. पहिला ग्राहक म्हणजे अमेरिका, कॅनडा किंवा युरोपातील परवानाधारक शिकारी आणि दुसरा म्हणजे ३०० ते १००० यार्डांवरील लक्ष्यावर गोळ्या झाडणारा हौशी नेमबाज. भारतातील वाचक या दोन्हींत बसत नाही. त्यामुळे दुर्बिणीची निवड करताना ‘किती पट मोठे दिसते?’ हा पहिला प्रश्न नव्हे. ‘रायफल कशावर रोखली जाणार आहे?’ हा पहिला प्रश्न आहे.

शिकारीचा प्रश्न आपल्याकडे कायद्यानेच निकाली काढला आहे. खानदेशाला शिकारीची जुनी परंपरा आहे. १८२५ मध्ये धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारणारा इंग्रज अधिकारी जेम्स आउटराम हा वाघांच्या शिकारीसाठीही प्रसिद्ध होता. त्या काळात तोंडाने दारू ठासायच्या बंदुका होत्या आणि शिकाऱ्याचे कौशल्य दुरून नेम धरण्यात नव्हे, तर सावजाच्या जवळ जाण्यात होते. सातपुड्यातील भिल्लांच्या तीरकामठ्याचेही तेच. डोळ्याला मदत करणारे कोणतेही साधन त्यावर नसते आणि म्हणून अंतर कमी करणे हीच खरी विद्या ठरते. भारतात १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली. पाठोपाठ १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला. मूळ कायद्यात काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवान्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही संपली. आज हौस म्हणून वन्यप्राण्यांची शिकार करण्याची कायदेशीर वाट भारतात नाही. इतकेच नव्हे, तर शिकारीचा प्रयत्न हीदेखील कायद्याच्या व्याख्येनुसार शिकारच ठरते. बिबट्यासारख्या पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या बाबतीत शिक्षा तीन ते सात वर्षांच्या कारावासाची आहे.

शहादा परिसरात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. तापीच्या खोऱ्यातील ऊस, केळी, पपई आणि कापसाच्या शिवारांना सातपुड्याचे जंगल जवळ आहे. रानडुकरे एका रात्रीत उभे पीक लोळवतात, तेव्हा शेतकऱ्याचा संताप समजण्यासारखा असतो. बंदुकीवर एखादी दुर्बीण असती तर, हा विचार अशाच वेळी मनात येतो. मात्र पिकांचे नुकसान करणाऱ्या प्राण्यांविषयीही कायद्याने ठरवून दिलेली पद्धत आहे. कायद्याच्या ११व्या कलमानुसार दुसऱ्या अनुसूचीतील प्राणी मालमत्तेला किंवा उभ्या पिकाला घातक ठरला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नोंदवून लेखी आदेशाने त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर याच अनुसूचीत आहे. लेखी आदेश हातात नसताना झाडलेली गोळी हा गुन्हाच. पीक नुकसानीसाठी वनविभागाकडे मुदतीत अर्ज आणि पंचनामा करून भरपाई मागणे हा सरळ मार्ग आहे. दुर्बीण हे त्यावरचे उत्तर नव्हे.

याला सुरक्षिततेचीही बाजू आहे. नेमबाजीच्या सरावात वापरली जाणारी साधी .२२ ची गोळीदेखील दीड किलोमीटरहून अधिक अंतर जाऊ शकते. दुर्बिणीतून पाहणाऱ्याला मात्र दिसतो तो शिवाराचा चिमुकला तुकडा. दहा पट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीतून शंभर मीटरवर जेमतेम तीन-चार मीटर रुंदीचा भाग दिसतो. त्या वर्तुळाच्या बाहेर निंदणी करणारे मजूर आहेत की मागच्या बांधावरून कोणी चालले आहे, हे दुर्बीण सांगत नाही. म्हणूनच रायफलवरची दुर्बीण ‘जरा काय आहे ते पाहू’ म्हणून कधीही वापरायची नसते. पाहण्यासाठी हातातली साधी दुर्बीण असते. रायफल ज्या दिशेला रोखली जाते, ती दिशा आधीच निश्चित व निर्धोक असावी लागते.

दुर्बिणीशिवाय लागणारा नेम

शिकार बाजूला ठेवली की उरते ती लक्ष्यावरील नेमबाजी. तिच्या मुख्य स्पर्धांत दुर्बीण नसते, हे वर आलेच आहे. मग इतका अचूक नेम लागतो कसा? ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. निरोगी मानवी डोळ्याची बारकावे ओळखण्याची क्षमता साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतकी असते. ५० मीटरवर एक कला म्हणजे सुमारे साडेचौदा मिलिमीटर. याचा अर्थ दहाचे वर्तुळ नेमबाजाला दिसतच नाही. तरीही तो त्याचा वेध घेतो.

याचे रहस्य वर्तुळात वर्तुळ बसवण्यात आहे. रायफलच्या मागच्या बाजूस बारीक छिद्र असलेली चकती असते. तिला क्लबमध्ये ‘पीप साइट’ म्हणतात. नळीच्या टोकाशी, जुन्या बंदुकांना जिथे माशी असे तिथे, एक कडी असते. छिद्राच्या मध्यावर कडी आणि कडीच्या मध्यावर लक्ष्याचा काळा गोल बसला की नेम लागला. ५० मीटरच्या लक्ष्यावर हा काळा गोल ११२.४ मिलिमीटर व्यासाचा असतो, तो सहज दिसतो. गोलाभोवतीची पांढरी फट चहूबाजूंनी सारखी आहे की नाही, हे डोळा विलक्षण सूक्ष्मतेने ओळखतो. दहा मीटरच्या एअर रायफल प्रकारात तर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तिथेही हीच युक्ती चालते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले, ते याच साधनाने. इंग्लंडमधील बिस्ले येथे राजाच्या नावाने दिल्या जाणाऱ्या प्रतिष्ठेच्या पारितोषिकासाठी अंतिम फेरीत ९०० आणि १००० यार्डांवर नेमबाजी होते. तिथेही रायफलवर दुर्बीण नसते.

दुर्बिणीला स्पर्धेत स्थान मिळाले ते सरकत्या लक्ष्याच्या प्रकारात. दहा मीटरवरील सरकत्या लक्ष्याची स्पर्धा १९९२ ते २००४ या काळात ऑलिंपिकमध्ये होती, नंतर ती वगळण्यात आली. त्याखेरीज लांब पल्ल्याच्या नेमबाजीतील ‘एफ क्लास’ हा प्रकार दुर्बिणीचा आहे. कॅनडातील जॉर्ज फार्कहार्सन यांच्या नावावरून त्याला हे नाव मिळाले. आधाराशिवाय रायफल पेलणे किंवा छिद्रातून पाहणे वयोमानाने अवघड झालेल्या नेमबाजांना खेळात टिकता यावे, या विचारातून तो सुरू झाला. रायफलला टेकू आणि दुर्बीण या दोन्हींची त्यात मुभा असते आणि अंतर १००० यार्ड, म्हणजे ९१४ मीटरपर्यंत जाते.

भारतात इतक्या लांब पल्ल्याच्या सरावाच्या जागा मोजक्या आहेत आणि त्या प्रामुख्याने लष्कराकडे आहेत. सातपुडा आणि नर्मदा ओलांडून गेल्यावर मध्य प्रदेशातील महू येथे लष्कराचे नेमबाजी पथक आहे, ते देशातील एक प्रमुख केंद्र. मुंबईतील वरळी आणि पुण्यातील बालेवाडी येथील रेंजवर घडतात ते मुख्यतः १० ते ५० मीटरचे नेमबाज. तेव्हा हजार यार्डांसाठी बनवलेली २५ पट क्षमतेची दुर्बीण दहा मीटरच्या रेंजवर नेणे, हे गल्लीतील क्रिकेटसाठी कसोटी सामन्याची खेळपट्टी मागवण्यासारखे आहे.

आकड्यांचा अर्थ

तरीही क्लबमधील सराव, एअर रायफलची हौस किंवा परवानाधारक रायफलची मोठ्या अंतरावरची नेमबाजी यांसाठी दुर्बीण घ्यायची असेल, तर तिच्यावरील आकडे वाचता आले पाहिजेत. ‘३-९×४०’ याचा अर्थ ही दुर्बीण तीनपासून नऊ पटींपर्यंत मोठे दाखवते आणि तिच्या पुढच्या भिंगाचा, म्हणजे पदार्थभिंगाचा व्यास ४० मिलिमीटर आहे. ‘४×३२’ मध्ये क्षमता चार पटींवर स्थिर असते.

या दोन आकड्यांचा भागाकार सर्वात उपयोगी. पदार्थभिंगाचा व्यास भागिले क्षमता म्हणजे डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास. ५० मिलिमीटरची दुर्बीण दहा पटींवर ठेवली, तर झोत ५ मिलिमीटरचा. तीच २५ पटींवर नेली, तर केवळ २ मिलिमीटरचा. माणसाच्या डोळ्याची बाहुली भर उन्हात दोन ते तीन मिलिमीटर असते, अंधारात तरुणपणी ती सात मिलिमीटरपर्यंत उघडते आणि वयानुसार ही मर्यादा कमी होत जाते. झोत बाहुलीपेक्षा लहान झाला की दृश्य अंधुक होते आणि डोके किंचित हलले तरी दृश्याभोवती काळी सावली येते. झोत बाहुलीपेक्षा मोठा असला, तर जादाचा प्रकाश वाया जातो. दिवसा, उजेडात चालणाऱ्या लक्ष्यावरील नेमबाजीसाठी तीन ते पाच मिलिमीटरचा झोत पुरेसा आहे. त्यापलीकडे मोठ्या भिंगासाठी जास्त पैसे मोजणे म्हणजे केवळ वजन विकत घेणे.

नळीच्या जाडीविषयीही असाच गैरसमज आहे. २५.४ मिलिमीटरपेक्षा ३० किंवा ३४ मिलिमीटर जाडीच्या नळीतून जास्त प्रकाश येतो, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात जाड नळीचा मुख्य लाभ हा, की आतील यंत्रणेला वर-खाली व डावी-उजवीकडे सरकायला जागा जास्त मिळते. त्याची गरज लांब पल्ल्यावर पडते, पन्नास मीटरवर नाही. दृश्याचा लख्खपणा ठरतो तो भिंगांच्या काचेच्या दर्जावर आणि त्यांवरील लेपांवर. दुकानात दुर्बीण तपासताना रस्त्यावरच्या लख्ख उन्हाकडे पाहून काहीच कळत नाही. सावलीतला कोपरा, तारेचे बारीक जाळे किंवा पाटीवरची लहान अक्षरे पाहावीत. कडेची अक्षरे मध्याइतकीच स्पष्ट दिसतात का, काळ्या वस्तूच्या कडेला जांभळी-हिरवी किनार दिसते का, यावरून काचेची परीक्षा होते. सूर्याकडे मात्र कोणतीही दुर्बीण चुकूनही रोखू नये.

मृगजळ आणि थरथर

जास्त पटींची दुर्बीण लक्ष्य मोठे करते, तशी नेमबाजाची चूकही मोठी करते. हृदयाचा ठोका, श्वास, दंडाचा थकवा या सर्वांमुळे रायफल सतत सूक्ष्म हलत असते. चार पटींवर हे हलणे जाणवत नाही, वीस पटींवर लक्ष्य नाचताना दिसते. मग नवखा नेमबाज नेम मध्यावरून जातानाचा क्षण साधण्यासाठी घाईने चाप ओढतो आणि गोळी बाजूला जाते. रायफल आधी होती तितकीच स्थिर असते, बिघडते ते चापावरील बोट.

खानदेशात आणखी एक अडचण आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या लाटा दृश्याला पाण्यासारखे हलवतात. डांबरी रस्त्यावर दिसणारे हेच ते मृगजळ. दुर्बीण जितकी शक्तिमान, तितके मृगजळही मोठे. अशा वेळी अनुभवी नेमबाज क्षमता कमी करतात किंवा सकाळच्या गारव्यात सराव उरकतात. ज्यांना मृगजळ वाचता येते, ते त्याच्या वाहण्याच्या दिशेवरून वाऱ्याचा अंदाजही घेतात. म्हणून पटींचा कमाल आकडा हा गुणवत्तेचा पुरावा नव्हे. ज्या दुर्बिणीचा किमान आकडाच मोठा आहे, ती भर दुपारी निरुपयोगी ठरू शकते.

पराशय : न दिसणारी चूक

दुर्बिणीतील सर्वात दुर्लक्षित आणि जवळच्या अंतरावर सर्वात महत्त्वाची बाब म्हणजे पॅरलॅक्स, मराठीत पराशय. स्कूटर चालवणाऱ्याला काटा चाळिसावर दिसतो, मागे बसलेल्याला तोच काटा पस्तिसावर दिसतो. काटा आणि आकडे एका पातळीत नसल्यामुळे हे घडते. दुर्बिणीतही लक्ष्याची प्रतिमा आणि नेमाची फुली एकाच पातळीत नसतील, तर डोळा किंचित सरकताच फुली लक्ष्यावरून सरकते. नेमबाजाला नेम बरोबर दिसतो, गोळी मात्र दुसरीकडे लागते.

अनेक दुर्बिणींत ही पातळी कारखान्यातच एका अंतरासाठी जुळवलेली असते. शिकारीच्या दुर्बिणींत ते साधारण १०० यार्ड, तर .२२ रायफलच्या दुर्बिणींत ५० यार्डांच्या आसपास असते. अशी १०० यार्डांची दुर्बीण दहा मीटरवर वापरली, तर लक्ष्य धूसर दिसते आणि पराशयाची चूक दहा गुणांच्या ठिपक्याच्या कित्येक पट होऊ शकते. म्हणून एअर रायफलसाठी दुर्बीण घेताना अंतर जुळवण्याची फिरती कडी दहा मीटरपर्यंत खाली येते का, हे पाहणे पटींपेक्षा महत्त्वाचे. तपासणी सोपी आहे. दुर्बीण पक्क्या आधारावर ठेवून, हात न लावता, डोळा थोडा वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवावा. फुली लक्ष्यावर स्थिर राहिली, तर पातळी जुळली.

अंश, कला आणि खटके

दुर्बिणीच्या वरच्या व बाजूच्या बुरुजासारख्या भागांवर गोल बटणे असतात. ती फिरवताना ‘खट्’ असा आवाज होऊन फुली ठरावीक कोनाने सरकते. हा कोन दोन पद्धतींनी मोजतात. पहिल्या पद्धतीचे एकक पंचांग पाहणाऱ्यांना परिचित आहे, ते म्हणजे कला. एक कला १०० मीटरवर सुमारे २९ मिलिमीटर भरते. बहुतेक दुर्बिणींत एक खटका पाव कलेचा असतो, म्हणजे १०० मीटरवर सुमारे ७ आणि ५० मीटरवर सुमारे साडेतीन मिलिमीटर. दुसरे एकक ‘मिल’. एक मिल म्हणजे हजार मीटरवर एक मीटर आणि १०० मीटरवर दहा सेंटिमीटर. त्यातील एक खटका ०.१ मिलचा, म्हणजे १०० मीटरवर एक सेंटिमीटरचा. मीटर-सेंटिमीटरमध्ये विचार करणाऱ्यास मिलचा हिशेब सोपा जातो. कोणतीही पद्धत घ्यावी, मात्र फुलीवरील खुणा एका पद्धतीच्या आणि खटके दुसऱ्या पद्धतीचे, अशी दुर्बीण टाळावी.

ही मोजदाद का लागते, तर गोळी सरळ रेषेत जात नाही म्हणून. नळीतून सुटल्याक्षणी ती खाली पडू लागते. हवेतील प्रवासाला अर्धा सेकंद लागला तर गुरुत्वाकर्षणामुळे ती सुमारे सव्वा मीटर, तर एक सेकंद लागला तर सुमारे पाच मीटर खाली येते. वेळ दुप्पट झाली की घसरण चौपट होते. लांब पल्ल्याच्या नेमबाजीत म्हणूनच अंतराचा अंदाज चुकणे महागात पडते आणि खटक्यांचा अचूकपणा कळीचा ठरतो. वाऱ्याचा हिशेब त्याहून कठीण, कारण तो दर क्षणी बदलतो. दुर्बीण वारा मोजत नाही. ती केवळ नेमबाजाने केलेला अंदाज अमलात आणते.

खटके विश्वासू आहेत की नाहीत, याची चाचणी रेंजवर घेता येते. एका ठिकाणी नेम धरून काही गोळ्या झाडाव्यात. मग वीस खटके वर, वीस उजवीकडे, वीस खाली आणि वीस डावीकडे करत प्रत्येक वेळी त्याच बिंदूवर नेम धरावा. लक्ष्यावर चौकोन उमटला आणि शेवटच्या गोळ्या पहिल्या गोळ्यांच्या जागी पडल्या, तर दुर्बीण कामाची. महागड्या दुर्बिणीची खरी किंमत मोठ्या दृश्यात नसून या परत येण्यात असते.

फुलीच्या जागेचाही एक प्रश्न असतो. बदलत्या क्षमतेच्या काही दुर्बिणींत फुली पुढच्या नाभीच्या पातळीत बसवलेली असते. अशा वेळी क्षमता वाढवली की फुलीही तितक्याच पटीने मोठी होते आणि तिच्यावरील खुणांचे माप सर्व पटींवर खरे राहते. मागच्या नाभीतील फुली कायम तेवढीच दिसते, पण तिच्या खुणा एकाच ठरावीक पटीवर बरोबर असतात. अंतर सतत बदलणाऱ्यास पहिला प्रकार सोयीचा. ठरावीक अंतरावर कागदी लक्ष्य भेदणाऱ्यास दुसरा प्रकार पुरतो, बारीक फुलीमुळे तो अधिक बराही वाटतो.

बसवण्यातली हयगय

उत्तम दुर्बीण ढिल्या कड्यांवर बसवली तर ती वाईट दुर्बिणीपेक्षा वाईट. फुली उभी-आडवी समतल नसेल, तर वरचे खटके दिले असता गोळी वर जाता जाता बाजूलाही सरकते. दुर्बीण डोळ्यापासून किती अंतरावर असावी, हेही ठरलेले असते. रायफलच्या दुर्बिणींत ते साधारण आठ ते दहा सेंटिमीटर असते. मोठ्या रायफलचा धक्का बसतो तेव्हा हे अंतर न राखणाऱ्याच्या भुवईवर नेत्रिकेच्या कडेची अर्धचंद्राकृती जखम होते.

स्प्रिंगच्या एअर रायफलविषयी बहुतेकांना ठाऊक नसलेली गोष्ट म्हणजे तिचा दुहेरी धक्का. आतील दट्ट्या पुढे धावताना रायफल मागे ढकलली जाते आणि तो थांबताच ती पुढे हिसका घेते. मोठ्या रायफलसाठी बनवलेली, केवळ मागच्या धक्क्याचा विचार केलेली दुर्बीण या उलट्या हिसक्याने खिळखिळी होते. स्प्रिंगच्या एअर रायफलसाठी दुर्बीण घेताना ती त्या प्रकारासाठी बनवलेली असल्याचा स्पष्ट उल्लेख पाहावा आणि मागे सरकू न देणारा अटकाव बसवावा.

खर्चाचा क्रम

भारतात ४.५ मिलिमीटर व्यासापर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. त्याहून शक्तिमान एअर रायफल किंवा .२२ सारखी रायफल घ्यायची, तर १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना आवश्यक असतो. त्यामुळे नवख्या नेमबाजाची सुरुवात एअर रायफलनेच होते आणि तीच योग्य आहे. ज्याला पुढे स्पर्धेत उतरायचे आहे, त्याने दुर्बिणीवर शिकण्याचा मोह टाळावा. छिद्र आणि कडी यांतून पाहण्याची सवय डोळ्याला लागायला वेळ लागतो आणि दुर्बिणीची सवय मोडून ती लावणे अधिक कठीण. त्याने आधी प्रशिक्षकाचे शुल्क, छर्रे, अंगाला नीट बसणारा दस्ता आणि नेमबाजीचे जाकीट यांवर खर्च करावा. कागदी लक्ष्यावरील छिद्रे पाहण्यासाठी तिपाईवरची वेगळी दुर्बीण क्लबमध्ये बहुधा असतेच, तर इलेक्ट्रॉनिक लक्ष्य असलेल्या रेंजवर शेजारच्या पडद्यावर गुण दिसतात.

ज्याला केवळ दहा मीटरवर एअर रायफलची हौस भागवायची आहे, त्याला चार पटींची किंवा तीन ते नऊ पटींची, दहा मीटरपर्यंत पराशय जुळणारी दुर्बीण भरपूर झाली. ५० मीटरवरील .२२ साठी तीन ते नऊ पटी आणि ४० मिलिमीटरचे भिंग पुरेसे आहे. ३०० मीटरच्या रेंजवर पोहोचलेल्यास दहा-पंधरा पटी आणि विश्वासू खटके हवेत. २५ पटी, ३४ मिलिमीटरची नळी आणि पुढच्या बाजूस किंचित उतार दिलेला पाया यांचा विचार हजार यार्डांचा रेंज खरोखर उपलब्ध असणाऱ्यानेच करावा.

ब्राह्मणपुरीतील तरुणासाठी बालेवाडी किंवा वरळी दूर आहे, हे खरे. परंतु रायफलशी पहिली ओळख महाविद्यालयातील एनसीसीच्या तुकडीतही होऊ शकते. तिथे .२२ रायफलने गोळीबाराचा सराव होतो. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठणाऱ्या अंजली भागवत एनसीसीतूनच नेमबाजीकडे वळल्या. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १९५१ मध्ये झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. त्यांच्या नावाने भरणारी अखिल भारतीय स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेकडे जाण्याची पायरी मानली जाते. या पायरीवर उभे राहणाऱ्याला लागतो तो स्थिर श्वास, चापावर न घाबरणारे बोट आणि रोजचा सराव. दुर्बीण यांपैकी काहीच देत नाही. ती फक्त आहे ते मोठे करून दाखवते, गुण असोत वा दोष.